जुन्या डिझेलचा सेल्फ जड फिरतोय? आधी व्होल्ट कुठे गळतात ते मोजा

चावी फिरवली की इंजिन घुं… घुं… घुं… करत एकेक कॉम्प्रेशन कसंबसं ओलांडतं. कधी तीन-चार दमात सुरू होतं, कधी होतच नाही. बहुतेक वेळा आधी बॅटरी बदलली जाते. नवी बॅटरी काही दिवस निभावून नेते आणि मग पुन्हा तेच सुरू होतं. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, उतरतो, त्याला नवे ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) पडतात, तरी फरक जेमतेमच. शेवटी सापडते ती इंजिन आणि चासीच्या मधली अर्थची पट्टी (करंट बॅटरीकडे परत नेणारी विणलेली तार), आतून हिरवी पडलेली. हा उलटा क्रम टाळता येतो. त्यासाठी एक मल्टीमीटर, एक मदतनीस आणि अर्धा तास पुरतो. पार्ट बदलून दोष शोधायचा नसतो, मोजून शोधायचा असतो.

डिझेलला सेल्फचा वेग इतका का लागतो, हे आधी बघू. इथे ठिणगी नाही. हवा दाबून जी उष्णता तयार होते तिच्यावरच इंधन पेटतं. जुन्या प्री-चेंबरच्या इंजिनांत (इंधन आधी छोट्या खोलीत पेटतं अशा) कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, २० ते २३ पर्यंत असतो, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये (इंधन थेट सिलिंडरमध्ये) साधारण १७ ते १९. पिस्टन सावकाश वर गेला तर दाबलेल्या हवेची उष्णता थंड सिलिंडरच्या भिंतीत जिरते आणि बरीच हवा रिंगांच्या फटीतून निसटते. पिस्टन वर पोहोचेपर्यंत हवा पेटण्याइतकी गरम उरतच नाही. इंधनाचा पंप रोटरी असेल तर त्याच्या आतला दाबही फेऱ्यांवरच अवलंबून असतो, म्हणजे इंधनही नीट येत नाही. मिनिटाला १५० ते २०० फेरे मिळाले तर गाडी सहसा पकडते. शंभराच्या खाली बहुतेक इंजिनं नुसती घरघरतात. त्यामुळे सेल्फ थोडासाच मंदावला तरी डिझेलमध्ये तो लगेच जाणवतो.

फेरे मोजायला टॅकोमीटर लागत नाही. बोनेटजवळ फोन ठेवून आवाज रेकॉर्ड करा आणि पाच सेकंदांत किती ‘घुं’ आले ते मोजा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन कॉम्प्रेशन येतात, म्हणून त्या आकड्याला ६ ने गुणलं की मिनिटाचे फेरे मिळतात. ३३ ठोके म्हणजे जवळपास २००, २० ठोके म्हणजे १२०. तीन सिलिंडरला ८ ने गुणा, सहा सिलिंडरला ४ ने. कानाने मोजणं जमत नसेल तर कुठल्याही ऑडिओ अॅपमध्ये त्या रेकॉर्डिंगची लाट उघडा, उंचवटे सरळ दिसतात.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये लय ऐका. सगळे ठोके सारखे, पण संथ असतील तर दोष विजेचा तरी आहे, नाहीतर सगळं इंजिनच जड आहे. दर चौथा ठोका हलका जाऊन सेल्फ तिथे क्षणभर पळत असेल, तर एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन उतरलेलं आहे. तो वेगळा आजार आहे, त्याने सेल्फ जड होत नाही. एका जागी आपटून थांबल्यासारखं होत असेल तर मात्र पुढे सेल्फ मारू नका. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

मोजायच्या आधी

मोजताना इंजिन सुरू होता कामा नये. इंजेक्शन पंपावर इंधन बंद करणारा सोलेनॉईड (विजेवर चालणारी झडप) असेल तर त्याची वायर काढा आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळा. इनलाइन पंप असेल तर बंद करायची तार ओढून धरा किंवा पंपावरचा स्टॉप लिव्हर बांधून ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला ओट (अडसर). बाह्या, मफलर, मीटरच्या वायरी फॅन आणि पट्ट्यापासून लांब. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये किमान एक मिनिट थांबा. सेल्फची मोटर थोड्या वेळाच्या कामासाठीच बनवलेली असते, गरम झाली की आकडेही बदलतात.

ग्लो प्लगचाही (थंड इंजिन आतून तापवणारे विजेचे प्लग) विचार करा. चार प्लग मिळून सहज ४० ते ६० अँपिअर ओढतात आणि काही गाड्यांत सेल्फ मारतानाही ते चालू राहतात. ग्लोचा रिले बंद होईपर्यंत थांबा, नाहीतर बॅटरीला उगाच बोल लागेल. रिले चिकटून कायम चालू राहिलेला असेल तर तोही याच वेळी लक्षात येतो: बराच वेळ थांबूनही व्होल्टेज वर येत नाही.

बॅटरी

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत मोजा. नुकतीच चालवलेली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि थोडं थांबा, म्हणजे प्लेटवरचा वरवरचा चार्ज उतरेल. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. साडेदहाच्या आसपास अडकली असेल तर एक सेल मेला आहे. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेल बघा. भरलेल्या बॅटरीत ग्रॅव्हिटी (अॅसिडची घनता) साधारण १.२५ ते १.२८ असते, पण नेमक्या आकड्यापेक्षा सेलमधला फरक महत्त्वाचा आहे. एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल आणि पूर्ण चार्ज करूनही वर येत नसेल, तर ती बॅटरी गेली.

मात्र उभ्या गाडीतल्या १२.६ वर भरवसा ठेवू नका. प्लेटा सल्फेटने झाकलेली म्हातारी बॅटरीही रिकाम्या वेळी १२.६ दाखवते. तिचा खरा दम लोड पडल्यावर कळतो. मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवा, केबलच्या क्लॅम्पवर नाही, आणि सेल्फ मारायला सांगा. दहाच्या वर राहिली तर उत्तम. साधारण २५ अंश तापमानात ९.६ च्या खाली गेली तर संशय घ्या. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिनाचं तेलही घट्ट होतं, म्हणून थंडीच्या सकाळी हा आकडा थोडा खाली येणारच.

पण संशय म्हणजे निकाल नव्हे. सेल्फ आतून घासत असेल तर तो दुपटीने करंट ओढतो आणि धडधाकट बॅटरीलाही खाली खेचतो. म्हणून लोड टेस्टरवर, बॅटरीवर छापलेल्या सीसीएच्या (थंडीत किती अँपिअर देऊ शकते त्या आकड्याच्या) निम्मा लोड १५ सेकंद लावून बघा. तिथे ९.६ च्या वर टिकली तर बॅटरी चांगली आहे, दोष पुढे आहे.

टेस्टर नसेल तर हेडलाइटची जुनी युक्ती दिशा दाखवते. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे विझायला आले तर एकतर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ प्रचंड करंट ओढतोय. दिवे जवळपास तसेच राहिले आणि सेल्फ मात्र जड फिरला, तर करंट वाटेतच अडतोय: केबल, जोड, सेल्फवरचा सोलेनॉईड (मोटरला करंट जोडणारा मोठा स्विच) किंवा ब्रश.

व्होल्टचा जमाखर्च

सगळ्या तपासणीचा जीव इथे आहे. बॅटरीच्या खुंटांवर जेवढे व्होल्ट आहेत त्यातले सेल्फपर्यंत किती पोहोचतात आणि बाकीचे कुठे खर्च होतात, याचा हिशोब लावायचा. तोही सेल्फ फिरत असतानाच, कारण करंट वाहत नसेल तर व्होल्ट गळतही नाहीत.

अनेकजण केबल काढून ओहमवर मोजतात आणि ‘केबल ठीक आहे’ म्हणून परत लावतात. साधा मल्टीमीटर इथे आंधळा असतो. त्याच्या स्वतःच्या पिनांचाच विरोध ०.२ ओहम भरतो. आपण ज्याच्या मागे आहोत तो विरोध ओहमच्या हजाराव्या भागांत असतो. ३०० अँपिअर वाहत असताना फक्त ०.०१ ओहमचा जोड ३ व्होल्ट खातो. दहा-बारा तारा शिल्लक राहिलेली केबलही ओहमवर शून्य दाखवते.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि सेल्फ मारताना आधी दोन आकडे घ्या. पहिला, बॅटरीच्या दोन खुंटांमध्ये. दुसरा, सेल्फच्या जाड केबलचा स्टड (केबल कसायचा बोल्ट) आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये. समजा पहिला १०.६ आला आणि दुसरा ८.४. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेत गेले. आता ही वाट भागाभागांत मोजा. पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा स्टड: ०.४. निगेटिव्ह खुंट ते सेल्फची बॉडी: १.८. दोष अर्थच्या बाजूला आहे हे इथेच ठरलं. मग अर्थची वाट आणखी लहान भागांत मोजा. खुंट ते क्लॅम्प ०.०५, क्लॅम्प ते चासीवरचा बोल्ट ०.१, चासी ते इंजिनाचा ब्लॉक १.६, ब्लॉक ते सेल्फची बॉडी ०.०५. बेरीज १.८. चासी आणि इंजिनाच्या मधली पट्टी सापडली, आणि अजून एकही पाना हातात घेतलेला नाही.

मर्यादा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. पॉझिटिव्हची पूर्ण बाजू ०.५ व्होल्टच्या आत, अर्थची पूर्ण बाजू ०.३ च्या आत, एकेक जोड ०.१ च्या आत. वरच्या उदाहरणात २५० अँपिअर धरले तर ती पट्टी एकटी ४०० वॉट नुसती उष्णतेत घालवते. म्हणूनच चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर हाताच्या पाठीने जोड चाचपून बघणं उपयोगी पडतं. जो तापला, तोच चोर. पण हळूच लावा, खराब जोड चांगलाच भाजतो.

ही पट्टी काढून उजेडात धरा. वरून ती नुसती मळकट दिसते. थिंबलच्या (टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्याच्या) तोंडाशी वाकवली की विणलेल्या तारांमधून हिरवी भुकटी गळते आणि आतल्या निम्म्या तारा तुटलेल्या सापडतात. बोल्टखाली बघितलं तर थिंबल रंगावर बसलेलं असतं. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर ही पट्टी घाईत तशीच कसली जाते, काही वेळा लावायचीच राहते. मग करंट दुसरी वाट शोधतो: अॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारल्यावर यांपैकी एखादी गरम लागली किंवा अलीकडे कारण नसताना जड झाली असेल, तर आधी इंजिनाचा अर्थ बघा.

शहानिशा करायची असेल तर जाड जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी लावा. सेल्फ एकदम मोकळा झाला तर आणखी पुराव्याची गरज नाही. पॉझिटिव्ह बाजूला असा प्रयोग करू नका. तिथे फ्यूज नसतो आणि केबल बॉडीला टेकली तर वेल्डिंग होतं.

दुरुस्ती साधी आहे, पण नीट करायची. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, लावताना ती शेवटी. बसायची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून कसा, आणि कसून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा थर द्या. नवी केबल घेताना तांबं शुद्ध आहे का ते बघा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल तितक्याच जाडीत बराच जास्त विरोध करते. ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन मीटर केबलमध्ये ३०० अँपिअरला साधारण ०.३ व्होल्ट जातात. इंजिन मोठं असेल किंवा बॅटरी लांब असेल तर ५० किंवा ७० ची घ्या.

पॉझिटिव्ह बाजूला चोर लपायच्या जागा तीन: क्लॅम्प आणि खुंटाची मधली राखाडी साय, नंतर बसवलेला बॅटरी कट-ऑफ स्विच, आणि सेल्फच्या सोलेनॉईडचे आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट. सोलेनॉईड मोजताना त्याच्या दोन मोठ्या स्टडवर पिना धरा. सेल्फ बंद असताना तिथे पूर्ण बॅटरीचे व्होल्ट दिसतात, ते बरोबर आहे. सेल्फ फिरू लागल्यावर ०.३ च्या खाली यायला हवं. जास्त राहिलं तर आत कॉन्टॅक्टच्या कडेला खाच पडलेली असते आणि चकतीवर काळे खड्डे. सेल्फ नुसताच टक् करून थांबत असेल तर आधी चावीकडून येणाऱ्या बारीक वायरीचे व्होल्ट बघा, तो दोष जड फिरण्याचा नाही.

करंट काय सांगतो

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजणारा) हाताशी असेल तर गोंधळ उरतच नाही. घेताना खात्री करा, कारण स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात. दोन-अडीच लिटरचं चार सिलिंडर डिझेल पहिल्या क्षणाला ६०० च्या वर झेप घेतं, आणि फिरायला लागल्यावर साधारण २०० ते ४०० अँपिअरवर स्थिरावतं.

सेल्फच्या स्टडवर पुरेसे व्होल्ट आहेत, करंट कमी आहे आणि वेगही कमी आहे, तर मोटरच्या आत विरोध आहे: झिजलेले किंवा खाचेत अडकलेले ब्रश, सैल स्प्रिंग, काळा पडलेला कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग). करंट भरमसाट आहे आणि तरीही जड फिरतोय, तर एकतर सेल्फ आत घासतोय किंवा इंजिन फिरायला तयार नाही. या दोघांतला निवाडा हाताने करायचा. ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून कॉम्प्रेशन मोकळं करा आणि क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब पाना लावून इंजिन दोन फेरे फिरवा. एकसारख्या जोराने फिरलं तर इंजिन निर्दोष आहे, सेल्फ उतरवा.

सेल्फ उघडल्यावर ब्रशच्या आधी बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) बघा. जुन्या सेल्फमध्ये बुश झिजले की आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) एका बाजूला झुकतं आणि फील्डच्या पोलवर (भोवतीच्या स्थिर चुंबकांवर) घासतं. आर्मेचरच्या पाठीवर चकाकणारे ओरखडे दिसले की समजा. नवे बुश बसवण्याआधी काही तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. एक गोष्ट सर्रास सुटते. अनेक जुन्या गाड्यांत सेल्फच्या नाकाचा बुश सेल्फमध्ये नसतोच, तो गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगमध्ये (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणात) असतो. टेबलावर सुंदर फिरणारा सेल्फ गाडीत बसवला की जड का होतो, याचं उत्तर पुष्कळदा त्या बुशमध्ये असतं.

कम्युटेटर बारीक सँडपेपरने साफ करा, एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहू देतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या बरोबरीला आला असेल तर तो अर्धा मिलिमीटर खोल खरवडा, नाहीतर नवे ब्रश उडत राहतील. आत तेलकट काळा चिखल सापडला तर नुसता पुसून बंद करू नका. वरून इंजिन ऑइल किंवा डिझेल ठिबकतंय, ते आधी थांबवा. सेल्फ बदललेला असेल तर तो डिझेलचाच आहे ना, हेही बघा. काही इंजिनांत पेट्रोलचा सेल्फ त्याच बोल्टांवर बसतो, पण त्याची ताकद बरीच कमी असते.

दोष इंजिनाकडे असेल तर

इंजिनाचे सगळे बेल्ट काढून एकदा सेल्फ मारा. फरक पडला तर अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा एसी कॉम्प्रेसर हाताने फिरवून बघा. थंडीत २०डब्ल्यू५० तेल असेल तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असलेलं पातळ, उदाहरणार्थ १५डब्ल्यू४०, घालून बघण्यासारखं आहे. सेल्फ मारताना क्लच दाबला की गिअरबॉक्सच्या घट्ट तेलाचा भार सुटतो, हाही एक सोपा पडताळा.

आता ते आपटून थांबणं. सिलिंडरमध्ये हेड गॅस्केटमधून पाणी किंवा गळक्या इंजेक्टरमधून डिझेल साचलं असेल तर पिस्टन त्या द्रवावर जाऊन अडतो, कारण द्रव दाबला जात नाही. जोर लावत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे ग्लो प्लग काढा, भोकांवर जाड फडकं टाका, तोंड लांब ठेवा आणि इंजिन आधी पान्याने, मग सेल्फने फिरवा. काय बाहेर पडलं ते फडकं सांगेल.

गरम इंजिनावरच जड होत असेल तर दोन शक्यता आहेत. सेल्फ एक्झॉस्टला चिकटून असेल तर त्याच्या तांब्याचा विरोध ५० अंशांच्या वाढीला सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. उष्णतेचा पत्रा गळून पडला असेल तर तो परत लावा. दुसरी, इंजेक्शनचं टायमिंग फार पुढे गेलेलं. इंधन लवकर पेटून पिस्टनला उलट ढकलतं. पंपाच्या सोलेनॉईडची वायर काढून सेल्फ मारल्यावर तो मोकळा फिरत असेल आणि वायर लावली की पुन्हा अडखळत असेल, तर सेल्फला आणि बॅटरीला हात लावू नका, टायमिंग बघा.

२४ व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. टेप किंवा दिव्यासाठी कुणीतरी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतलेले असतात, मग ती कायम उपाशी आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या.

शेवटी इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात का आणि सगळं बंद असताना गळती ५० मिलिअँपिअरच्या आत आहे का, ते बघा. पण इंजिन सुरू करायच्या आधी पंपाच्या सोलेनॉईडची काढलेली वायर परत लावा. ती विसरली तर सेल्फ जोरात फिरेल आणि गाडी तरीही सुरू होणार नाही.